त्रास नाही, तर कापायचं कशाला?

मागच्या व्याख्यानानंतर एका आजोबांनी आम्हाला जिन्यात गाठलं. नात पाच महिन्यांची. आईच्या पोटात असतानाच सोनोग्राफीत पित्तनलिकेला फुगा दिसलेला. पोर मात्र हसतंय, दूध पितंय. “त्रास नाही, तर कापायचं कशाला?” आम्ही तत्त्वज्ञानाचे, वैद्यकाचे नव्हे. निर्णय डॉक्टरांपाशीच, पण या प्रश्नाला इतिहास आहे, तेवढा आज सांगतो.

फाटर यांनी १७२३ साली अशा फुग्याची नोंद केली. १८५२ मध्ये डग्लस यांनी जिचं वर्णन लिहिलं ती मुलगी १७ वर्षांची. कावीळ, ताप, पोटात गाठ. म्हणजे तेव्हा ‘केव्हा’ हा प्रश्नच नव्हता. रोग कळायचा तोच उशिरा.

पुढे शस्त्रक्रिया आली, ती निम्मी. फुगा जागच्या जागी ठेवायचा, त्याला आतड्याशी जोडायचं, पित्त वाहतं करायचं. मॅक्व्हॉर्टर यांनी १९२४ मध्येच फुगा काढून टाकल्याचं लिहिलं होतं, पण लहान जिवाला जोडणीच झेपेल असं वाटे. आणि इथेच फसगत झाली, बरं का. कावीळ उतरलेली ती मुलं मोठी झाली आणि त्यांतल्या काहींना मागे राहिलेल्या भिंतीतच कर्करोग झाला. बॅबिट यांनी १९६९ मध्ये कारण मांडलं: पित्ताची नि स्वादुपिंडाची नळी आतड्याच्या भिंतीबाहेर, फार अलीकडेच एकत्र येते; स्वादुपिंडाचा रस उलटा चढतो, अस्तर वर्षानुवर्षं पोळतं. हा आजार जपानात जास्त. तिथे कासाई प्रभृतींनी १९७०च्या सुमारास फुगा समूळ काढण्याचा पुरस्कार केला.

१९८३च्या एका आढाव्यात कर्करोगाचं प्रमाण पहिल्या दहा वर्षांत ०.७ टक्के, दुसऱ्या दशकात ६.८, विशीनंतर १४.३ असं निघालं. हे दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचे आकडे, हे विसरू नये. पण चढण दिसतेच. शिवाय मोठेपणी फुगा आसपास चिकटलेला, त्यात खडे; काढणं जिकिरीचं.

मग जन्मताच कापावं? तान्ह्याची नळी बारीक, टाके नाजूक. म्हणून त्रास नसेल तर काही सर्जन यकृतावर नजर ठेवून थोडे महिने थांबतात. काहींना तेवढंही नको, कारण यकृत मुकाट्याने कडक होत जातं. कावीळ दिसली तर मात्र थांबणं संपलं. फुग्याआड पित्तनलिका बंद असण्याचा आजारही असू शकतो, आणि तिथे आठवडे मोजावे लागतात.

आजोबांचा परवा फोन आला. तारीख ठरली आहे. “टाके किती?” एवढंच विचारत होते.