हुप्प्या, पिल्लू आणि ‘हत्या’ हा शब्द

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. १९८२ साली आलेल्या या छोट्या पुस्तकातली पात्रं म्हणजे वानरं. टोळीचा ताबा एका नराकडून दुसऱ्याकडे कसा जातो, त्याची ही गोष्ट. एका शिक्षक-शिबिरात तिच्यावरून बोलणं निघालं आणि एका बाईंनी विचारलं, “नवा हुप्प्या आधीच्या नराची पिल्लं मारतो म्हणतात. मग माणसातला सावत्रपणाही निसर्गानेच दिलेला का?” मी चटकन ‘नाही’ म्हणून मोकळा झालो. उत्तर चुकलं नव्हतं, पण कष्टाविना दिलेलं होतं. या प्रश्नावर तीन-चार शास्त्रं कित्येक वर्षं भांडली आहेत, ते सांगायचं राहून गेलं.

१९५८ मध्ये फिलिस जे या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ वानरांच्या अभ्यासासाठी भारतात आल्या. बस्तरमधलं ओरछा आणि उत्तर प्रदेशातलं कौकोरी इथे त्यांना दिसल्या त्या शांत, फारशी मारामारी नसलेल्या टोळ्या. समाज म्हणजे जणू एक शरीर आणि त्यातली प्रत्येक रीत ते शरीर टिकवण्यासाठी, असं त्या काळी मानववंशशास्त्रात मानलं जाई. वानरं या चौकटीत छान बसली. कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तनतज्ज्ञांनीही १९६३ च्या आपल्या पुस्तकात सांगितलं, की प्राणी सहसा आपल्याच जातीच्या प्राण्याचा जीव घेत नाहीत, हा आवर सुटला तो माणसात. महायुद्ध पाहिलेल्या पिढीला हे पटायला वेळ लागला नाही.

आणि नेमक्या त्याच काळात धारवाडजवळच्या जंगलात वेगळंच काही दिसलं. क्योटो विद्यापीठाचे युकिमारु सुगियामा तिथे वानरं पाहत होते. १९६२ मध्ये बाहेरच्या नरांच्या टोळक्याने एका टोळीवर हल्ला केला, जुन्या नराला हुसकावलं. अखेर हल्लेखोरांपैकी एकच टोळीत उरला आणि त्यानंतर तिथली पिल्लं चावे बसून एकामागून एक नाहीशी झाली. पुढे सुगियामांनी दुसऱ्या एका टोळीतला एकुलता एक नर मुद्दाम काढून घेतला. तिथेही नवा नर आला आणि पिल्लं गेली. (आज असा प्रयोग करायला परवानगी मिळणं कठीण.) १९७१ मध्ये जोधपूरच्या एस. एम. मोहनोत यांनीही अशाच घटना नोंदवल्या.

यावर बऱ्याच अभ्यासकांचं उत्तर होतं : ही विकृती. माणसांनी जंगल तोडलं, वानरांची दाटी झाली, म्हणून ती बिघडली. सारा हर्डी ही हार्वर्डची विद्यार्थिनी १९७१ मध्ये अबूच्या पहाडावर आली तीही दाटीचाच परिणाम तपासायला. अबूत तिचं मत बदललं. पिल्लं मारली जात होती ती गर्दीमुळे नव्हे, तर बाहेरचा नर आत शिरला की. अंगावर पिणारं पिल्लू असेतो वानरी सहसा माजावर येत नाही, ते गेलं की लवकर येते. नराचा टोळीवरचा ताबा साधारण दोन-सव्वादोन वर्षांचा. त्याच्यापाशी वाट पाहायला वेळ नसतो.

१९७७ च्या तिच्या पुस्तकातली मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट मात्र माद्यांची आहे. प्राणिशास्त्रज्ञ एका नराच्या टोळीला सर्रास ‘जनानखाना’ म्हणत. या शब्दाने नर मालक ठरला आणि माद्या मालमत्ता. प्रत्यक्षात माद्या बहुधा जन्मभर त्याच टापूत राहतात, नर येतात नि जातात. माद्या अनेक नरांशी जुगतात, त्यामुळे पिल्लू कोणाचं हे नराला कळेनासं होतं. म्हाताऱ्या वानरी दुसरीच्या पिल्लासाठी हुप्प्याच्या अंगावर धावून जातात. हे सगळं आधीही डोळ्यांसमोर होतंच, पण त्याकडे पाहणारा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

वाद तरीही मिटला नाही. मारणारा नर त्या पिल्लाचा बाप नाही, हे कोणी सिद्ध केलं होतं? ते १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांवर झालं. डीएनए तपासणीत मारेकरी नर आणि बळी पडलेलं पिल्लू यांच्यात बाप-लेकराचं नातं आढळलं नाही.

आता माणसाकडे वळू. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी पोलिसांच्या व शासनाच्या नोंदी चाळून दाखवलं, की सावत्र पालकाच्या घरात लहान मुलांना जिवाचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. १९८८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पण वानराचं स्पष्टीकरण त्यांनी माणसाला चिकटवलं नाही. मूल मारून माणसाला काही लाभ होतो असं ते म्हणत नव्हते. सख्ख्याची माया सावत्राला आपोआप मिळत नाही, एवढंच. २००० मध्ये स्वीडनच्या नोंदींत तर हा फरकही तसा दिसला नाही. आणि जिथे सावत्र आईबाप मुलांना मायेने वाढवतात, अशी असंख्य घरं पोलिसांच्या नोंदीत येतच नाहीत.

शिवाय आपल्याकडचा इतिहास. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारला बालिकाहत्या रोखण्याचा कायदा करावा लागला. तिथे जीव घेणारं घर सख्खंच होतं, बळी फक्त मुलीचा होता आणि मागे हुंडा, प्रतिष्ठा, जातीची उतरंड होती. वानरात जे घडतं त्याच्या जवळपास उलट. दोन्हींना आपण ‘हत्या’ म्हणतो म्हणून ती एक वाटतात. ‘हत्या’ या शब्दात हेतू आणि पाप दोन्ही आहेत, हुप्प्याच्या बाबतीत आपल्याला दिसतो तो फक्त परिणाम.

त्या बाईंना आज मी आणखी एक सांगेन. हर्डी पुढे वळल्या त्या पिल्लं सांभाळण्याकडे. त्यावरचं त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. चिंपांझी आपला जवळचा नातलग, पण त्याची मादी पहिले काही महिने पिल्लू दुसऱ्या कोणाला हाताळू देत नाही. वानरी मात्र जन्माच्या दिवशीसुद्धा पिल्लू इतर माद्यांच्या हाती जाऊ देते, बाळंतिणीचं मूल शेजारणींनी उचलावं तसं. नवजात पिल्लू काळपट असतं, लांबूनही ओळखू येतं. शाळेच्या कौलांवर टोळी आलीच, तर मुलांना पाटी-पेन्सिल घेऊन अंगणात बसवा आणि ते काळं पिल्लू अर्ध्या तासात किती जणींकडे जातं ते मोजायला सांगा.