महाराष्ट्रातील लठ्ठपणा आणि वजन नियंत्रण

लठ्ठपणा (स्थूलता) म्हणजे आरोग्याला अपाय होईल इतक्या प्रमाणात शरीरात चरबी साठण्याची अवस्था. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, यकृतात चरबी साठणे, गुडघ्यांचा संधिवात आणि काही कर्करोग यांच्याशी तिचा संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिवजन किंवा लठ्ठ गटात मोडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासात (प्रकाशन २०२३) पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळला. केवळ वजनकाट्यावरून धोक्याचा पूर्ण अंदाज येत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

मोजमाप आणि निकष

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यास शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) मिळतो. आंतरराष्ट्रीय निकषानुसार २५ पासून अतिवजन व ३० पासून लठ्ठपणा धरला जातो. भारतीयांसाठी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहमती-निवेदनात या मर्यादा अनुक्रमे २३ व २५ ठरविण्यात आल्या. १६५ सेंटिमीटर उंची व ७० किलो वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक २५.७ येतो. आंतरराष्ट्रीय निकषाने ती अतिवजन, तर भारतीय निकषाने लठ्ठ ठरते.

पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर व स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक कंबरेचा घेर हे पोटाच्या लठ्ठपणाचे लक्षण मानतात. शेवटची बरगडी व कटीचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यानंतर हा घेर मोजतात.

पुण्यातील संशोधन

भारतीयांसाठी वेगळे निकष का लागतात, याचे एक महत्त्वाचे स्पष्टीकरण पुण्यातील संशोधनातून मिळाले. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. पुण्यातील बालकांचे स्नायू व अवयव लहान असूनही त्वचेखालील चरबी तुलनेने टिकून होती. यावरून ‘थिन-फॅट’, म्हणजे दिसायला सडपातळ पण चरबीचे प्रमाण अधिक, ही संकल्पना रूढ झाली.

२००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती.

औद्योगिक पट्ट्यातील परिस्थिती

पिंपरी-चिंचवड, तळेगाव दाभाडे व चाकण या पट्ट्यातील वाहन व यंत्रनिर्मिती कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम चालते. रात्रपाळी आणि वजनवाढ यांचा संबंध अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळला आहे. बदलती झोप, अवेळी जेवण आणि व्यायामासाठी न उरणारा वेळ ही त्याची संभाव्य कारणे होत. दिवसाला दोन चमचे साखरेचा चहा पाच वेळा घेतल्यास सुमारे ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० किलोकॅलरी, पोटात जातात.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४६ मध्ये २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगार प्रतिनिधित्वाची तरतूद करण्यात आली. जेवणात उसळ, कोशिंबीर व ताक यांचा समावेश आणि तळलेल्या पदार्थांची मर्यादा हे विषय अशा समितीत मांडता येतात.

प्रतिबंध

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीची शिफारस करते. आहारात धान्याचे प्रमाण आटोक्यात ठेवून डाळी, कडधान्ये, भाज्या व दूध वाढविणे, साखर व तेल कमी करणे आणि पुरेशी झोप घेणे हे मूलभूत उपाय आहेत. वजनात ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तदाब व रक्तशर्करेत सुधारणा होऊ शकते.

आहारपद्धतींविषयीचे मतभेद

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, दिवसातून दोनदाच जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत महाराष्ट्रात ‘दीक्षित डाएट’ म्हणून लोकप्रिय झाली. याउलट, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा पुरस्कार केला. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा कमी करणारी काही औषधे घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा परस्पर बदलल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. गर्भवती, वाढत्या वयाची मुले व खाण्याच्या विकारांचे रुग्ण यांनाही वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.

विश्वसनीय मदत

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध कार्यक्रमांतर्गत ३० वर्षांवरील नागरिकांची रक्तदाब व मधुमेह तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरे व प्राथमिक आरोग्य केंद्रांत केली जाते. आशा सेविका भरतात त्या जोखीम-तपासणी अर्जात कंबरेच्या घेराची नोंद असते. तळेगाव दाभाडे येथे १९९५ मध्ये स्थापन झालेले ‘मिमर’ वैद्यकीय महाविद्यालय व त्याला संलग्न डॉ. भाऊसाहेब सरदेसाई तळेगाव ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरी येथे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगार व त्यांच्या कुटुंबीयांसाठी चिंचवडच्या मोहननगर येथे रुग्णालय आहे.

थायरॉइडची कमतरता, पीसीओएस, स्टेरॉइड व काही मानसोपचाराची औषधे यांमुळेही वजन वाढू शकते. त्यामुळे उपचारांपूर्वी तपासणी गरजेची ठरते. ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येते. आहारतज्ज्ञांसाठी इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही पात्रता आहे.

२०२५ मध्ये भारतात टिर्झेपटाइड (मौंजारो) व सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) ही इंजेक्शने उपलब्ध झाली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाची असून बंद केल्यावर वजन पुन्हा वाढण्याची शक्यता असते. २००९ च्या निवेदनानुसार ३७.५ हून अधिक, किंवा संलग्न आजार असल्यास ३२.५ हून अधिक निर्देशांक असलेल्यांसाठी शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

फसव्या जाहिराती व कायदा

औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत लठ्ठपणाचा समावेश आहे. त्यामुळे औषधाने लठ्ठपणा बरा होतो, अशी जाहिरात करण्यास बंदी आहे. अशा जाहिरातींविरुद्ध राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. सिब्युट्रामिन या भूक कमी करणाऱ्या औषधावर हृदयविकाराच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंदी घालण्यात आली. ठरावीक दिवसांत ठरावीक किलो घटविण्याची हमी, घटकांची माहिती नसलेली पावडर आणि चालू औषधे बंद करण्याचा सल्ला ही अविश्वसनीय सेवेची लक्षणे मानली जातात.

हेही पाहा

मधुमेह
शरीर वस्तुमान निर्देशांक
तळेगाव दाभाडे