पुणे-नागपूर विमान प्रवास: अंतर 605 किलोमीटर, मग तिकिटावर दीड तास का दिसतो?

पुणे आणि नागपूर विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण 605 किलोमीटर आहे. जेट विमान उंचावर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतं. या हिशोबाने पाऊण तासात नागपूर यायला हवं. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. मग बाकीचा वेळ जातो कुठे?

आधी अंतराबद्दल. 605 हा आकडा फक्त हवेतला आहे. रस्त्याने हेच अंतर 700 किलोमीटरच्या पुढे जातं. रेल्वेचा फेरा तर आणखी मोठा. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत 881 किलोमीटर धावते आणि जवळपास 12 तास घेते. कारण पुण्याहून निघालेली गाडी थेट पूर्वेला जात नाही. दौंड, अहिल्यानगर करत ती आधी उत्तरेला मनमाड गाठते, मग भुसावळ, अकोला, वर्धा असा मोर्चा विदर्भाकडे वळवते.

तिकिटावरची वेळ नेमकी कसली?

ती उड्डाणाची वेळ नसते. विमान पार्किंगच्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पार्किंगला थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येणं, सगळं यात आलं. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे तिथला रनवे प्रवासी विमानांना लढाऊ विमानांसोबत वापरावा लागतो.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. 35 हजार फुटांवरून खाली यायला विमान उतरण्याच्या सुमारे 200 किलोमीटर आधीच सुरुवात करतं. वर चढतानाही जवळपास तेवढंच अंतर जातं. म्हणजे 605 पैकी पूर्ण वेगाने कापायला उरतात जेमतेम 200 किलोमीटर! त्यात 10 हजार फुटांच्या खाली वेग साधारण ताशी 460 किलोमीटरपर्यंतच ठेवावा लागतो.

वाराही हिशोब बिघडवतो. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना मदत होते आणि पुण्याला परतताना अडथळा. फरक काही मिनिटांचाच असतो.

शिवाय एअरलाइन्स वेळापत्रकात थोडी जास्तीची मिनिटं धरूनच ठेवतात. विमान वेळेआधी पोहोचल्याची घोषणा होते, तेव्हा पायलटने फार वेग घेतलेला असतोच असं नाही.

प्रवाशाने काय लक्षात ठेवायचं?

ब्लॉक टाइमचा संबंध तुमच्या हक्काशीही आहे. डीजीसीएच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या फ्लाइटला 2 तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना एअरलाइनने मोफत खाणं-पिणं द्यायचं असतं. पुणे-नागपूर यातच येतं. काउंटरवर बिनधास्त मागा.

देशांतर्गत फ्लाइटचे चेक-इन काउंटर बहुतेक ठिकाणी 60 मिनिटं आधी बंद होतात. त्यात पुण्यातलं ट्रॅफिक, सिक्युरिटीची रांग आणि नागपूरला बॅगेची वाट पाहणं धरलं, तर घर ते घर चार-पाच तास सहज जातात. सणासुदीला गावी निघालेल्यांनी पुढची बस किंवा ट्रेन याच हिशोबाने बुक करावी. आणि घ्यायला येणाऱ्यांना तिकिटावरच्या वेळेनंतरची अर्ध्या तासाची वेळ सांगावी.