सांघिक लढत आणि नेतृत्व (ऑनलाइन हवाई युद्ध सिम्युलेटर)

लढाऊ विमानांच्या ऑनलाइन सिम्युलेटरमध्ये खेळाडू आपापल्या घरून एकाच आकाशात उतरतात आणि बाजू वाटून लढतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत केस्माई कंपनीच्या ‘एअर वॉरियर’ने हा प्रकार रुजवला. ‘वॉरबर्ड्स’, ‘एसेस हाय’, ‘आयएल-२ स्टर्मोविक’, ‘डीसीएस वर्ल्ड’ हे त्यानंतरचे महत्त्वाचे खेळ.

लढतीचे मूळ एकक म्हणजे जोडी : लीडर आणि त्याची पाठ राखणारा विंगमन. ही मांडणी खऱ्या युद्धातून आली आहे. स्पेनच्या यादवी युद्धात व्हेर्नर म्योल्डर्स या जर्मन वैमानिकाने दोन जोड्यांची, चार विमानांची सैल रचना रूढ केली. त्या काळी ब्रिटिश वैमानिक तिघातिघांनी खेटून उडत, आणि त्यांची नजर शत्रूपेक्षा शेजारच्या पंखावरच खिळलेली असे. सिम्युलेटरमध्ये तर पडद्यावर आकाशाचा लहानसा तुकडाच दिसतो. मागे पाहायचे तर बटण दाबावे लागते किंवा डोक्याची हालचाल टिपणारे उपकरण लागते. त्यामुळे आपली शेपटी सांभाळायला दुसरा कोणी हवाच.

जोडीच्या डावांत ‘थॅच वीव्ह’ सर्वांत शिकण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी झिरो विमान अमेरिकी वाइल्डकॅटपेक्षा चपळ होते. त्यावर तोड म्हणून अमेरिकी वैमानिक जॉन थॅच यांनी १९४१ मध्ये घरी टेबलावर आगकाड्या मांडून हा डाव बसवला. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत तो वापरला गेला. दोन विमाने अंतर राखून बाजूबाजूने उडतात. एकाच्या मागे शत्रू लागला की दोघेही एकमेकांच्या दिशेने वळतात आणि पाठलाग करणारा थेट जोडीदाराच्या तोफांसमोर येतो. अवघड असतो तो पहिला क्षण. पाठीवर गोळ्या येत असताना हात आपोआप मोकळ्या आकाशाकडे वळतो. वळायचे मात्र असते जोडीदाराकडे. इथे हाक नेमकी हवी : आधी कोणाला, मग काय, मग कुठे. ‘दोन, ब्रेक डावीकडे!’ म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या विमानाने झटकन डावीकडे वळायचे. नुसते ‘ब्रेक!’ ओरडले तर हेडसेटवर ऐकणारे सगळेच वळतात आणि रचना मोडते.

लीडरचे खरे काम नेम धरण्याचे नाही. किती उंचीवरून जायचे, चकमकीत शिरायचे की टाळायचे, इंधन पाहून केव्हा परतायचे, हे त्याने ठरवायचे असते. गुणफलकावर पाडलेली विमाने दिसतात, सुखरूप परत आणलेला विंगमन सहसा दिसत नाही. म्हणून चांगला लीडर ओळखायला त्याच्यासोबत उडावेच लागते. एरवीच्या खेळात विमान पडले तरी लगेच नवे मिळते आणि अनेक जण एकटेच खाली झेपावतात. एका वैमानिकाला एकच जीव अशा नियमाने ठरवलेल्या लढतीत तेच खेळाडू जोडी सोडत नाहीत, रेडिओवरची बडबडही थांबते. अशा लढतीनंतर ‘टॅकव्ह्यू’सारख्या प्रणालीत संपूर्ण उड्डाण पुन्हा पाहता येते आणि जोडी नेमकी कुठे फुटली, हे सर्वांसमोर तपासले जाते.