भागधारकत्वाचा पुरावा आणि दप्तर-तपासणीचा हक्क : डेलावेअर कायद्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कंपनीला भांडवल भागधारक पुरवतात. दप्तर मात्र संचालकांच्या ताब्यात असते. म्हणूनच दप्तर-तपासणीचा हक्क हे संचालकांवर अंकुश ठेवण्याचे महत्त्वाचे साधन ठरते. परंतु हा हक्क न्यायालयात मागणाऱ्याला आपण भागधारक आहोत, हे प्रथम सिद्ध करावे लागते. वरकरणी किरकोळ वाटणारा हा प्रश्न अमेरिकेत कसा गुंतागुंतीचा झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. अनेक मोठ्या अमेरिकी कंपन्यांची नोंदणी डेलावेअर राज्यात असल्याने तेथील कायदा आधारभूत मानला आहे.

नोंदवहीतील नाव :
गथ्री विरुद्ध हार्कनेस (1905) या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या भागधारकाचा तपासणीचा हक्क मान्य केला. पुढे डेलावेअरच्या 1967 च्या कंपनी कायद्यातील कलम 220 ने या हक्काला निश्चित चौकट दिली. शपथेवर लेखी मागणी करावी, योग्य हेतू नमूद करावा आणि पाच कामकाजाच्या दिवसांत दाद न मिळाल्यास चॅन्सरी न्यायालयात जावे, अशी ही पद्धत आहे. भागधारक म्हणजे नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती, इतकाच अर्थ तेव्हा अभिप्रेत होता.

नाव आणि मालकी यांची फारकत :
1968 मध्ये भागपत्रांच्या हस्तांतरणाचे काम इतके साचले, की न्यूयॉर्क शेअर बाजार काही महिने दर बुधवारी बंद ठेवावा लागला. त्यावर उपाय म्हणून 1973 मध्ये मध्यवर्ती निक्षेपागार स्थापन झाले. परिणामी नोंदवहीत 'सीड अँड कंपनी' या नामधारी संस्थेचे नाव आले; खरा गुंतवणूकदार केवळ दलालाच्या खात्यात उरला. 1995 मध्ये अ‍ॅग्री-मार्क या दुग्धोत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या प्रकरणात डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने नोंदवहीचाच निकष कायम ठेवला. संस्थेच्या सभासदांचा आर्थिक हितसंबंध असूनही त्यांना दप्तर खुले झाले नाही.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा :
2003 च्या दुरुस्तीने लाभार्थी मालकालाही हा हक्क मिळाला. मात्र मालकीचा लेखी पुरावा मागणीसोबतच जोडणे आणि तो खरी प्रत असल्याचे शपथेवर सांगणे बंधनकारक झाले. न्यूज कॉर्पोरेशनविरुद्धच्या खटल्यात (2012) एका निवृत्तिवेतन निधीचा दावा याच त्रुटीमुळे टिकला नाही. मॉन्स्टर वर्ल्डवाइड प्रकरणात (2017) मागणी वेळेत झाली होती. परंतु दावा दाखल होण्यापूर्वी विलीनीकरण पूर्ण होऊन भागधारकत्व संपले आणि त्याबरोबर हक्कही संपला. 2025 च्या दुरुस्तीने पाहता येणाऱ्या कागदपत्रांची व्याप्ती आणखी मर्यादित केली.

भारतीय संदर्भ :
भारतात 1996 च्या निक्षेपागार कायद्याच्या वेळीच कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन निक्षेपागाराच्या नोंदीतील लाभार्थी मालक हा सभासद मानला गेला. 2013 च्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. त्यामुळे नाव आणि मालकी यांतील दरी येथे आरंभीच बुजवली गेली.

निष्कर्ष :
स्पर्धकाने किंवा त्रयस्थाने कंपनीच्या दप्तरात डोकावू नये, यासाठी पुराव्याची अट आवश्यकच आहे. तथापि मालकीविषयी वाद नसतानाही केवळ एक कागद वेळेवर न जोडल्याने दावा फेटाळला जात असेल, तर अटीचा मूळ हेतू मागे पडतो. सोयीसाठी व्यवस्थेनेच नाव आणि मालकी वेगळी केली. ती पुन्हा जोडून दाखवण्याचा भार मात्र गुंतवणूकदारावर पडला, हेच या इतिहासाचे सार होय.