भंडारा आठ अक्षरांत, लाखांदूर नऊ

डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या काळात संगणक सुरू झाला की काळ्या पडद्यावर कमांड लाइनच समोर येई. हव्या डिरेक्टरीत जायचे तर दरवेळी ‘सीडी’ ही आज्ञा आणि पुढे सगळा पत्ता टंकावा लागे. कंटाळलेले लोक दोन ओळींची बॅच फाइल करून ठेवत. तिचे नाव टंकले की मुक्काम गाठला जाई. आजच्या शॉर्टकटची ती पूर्वज.

अडचण नावाची होती. डॉस नावाला फक्त आठ रोमन अक्षरे देई. भंडारा जिल्ह्यातल्या सात तालुक्यांची नावे घेतली, तर पवनी, तुमसर, मोहाडी, साकोली आणि लाखनी सहज मावतात, भंडारा बरोबर आठांत बसते, लाखांदूरचे मात्र शेवटचे अक्षर कापावे लागते. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा केंद्राचा प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, तो याच आखूड नावांच्या काळात. महाराष्ट्रातून त्यात भंडाऱ्यासारखाच विदर्भातला वर्धा होता.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने २५५ अक्षरांपर्यंत नाव ठेवू दिले आणि डेस्कटॉपवर शॉर्टकट आणला. लाखांदूर पूर्ण लिहिता आले. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांनी तालुक्याच्या गावांत संगणक शिकवला, तो मुख्यतः माउस आणि ऑफिसचा. कमांड लाइन जाणकारांपुरती उरली. त्यांना ती चित्रावर क्लिक करून, नेमक्या फोल्डरातच उघडायला हवी होती. उपाय शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्येच होता: ‘टार्गेट’मध्ये सीएमडी (कमांड विंडोचा प्रोग्रॅम) आणि ‘स्टार्ट इन’मध्ये फोल्डरचा पत्ता. फक्त ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडल्यास विंडोज हा पत्ता जुमानत नाही आणि थेट सिस्टिम३२ मध्ये नेऊन सोडते. तेव्हा सीडीची आज्ञा टार्गेटमध्येच, सीएमडीच्या ‘के’ स्विचमागे लिहावी लागते. ड्राइव्ह बदलायचा असेल तर सीडीला ‘डी’ स्विच जोडून.

पुढे विंडोज एक्सपीसाठी ‘ओपन कमांड विंडो हिअर’ नावाचे वेगळे जोडसाधन (पॉवरटॉय) निघाले. व्हिस्टाने ती सोय शिफ्ट दाबून केलेल्या राइट क्लिकमध्ये आणली, २०१७ मध्ये तिथे कमांड विंडोच्या जागी पॉवरशेल आले आणि २०२१ च्या विंडोज ११ ने टर्मिनल उघडण्याचा पर्याय साध्या राइट क्लिकवर ठेवला.

मराठी वापरणाऱ्यांची एक तक्रार यातून सुटली नव्हती. फोल्डरला ‘लाखांदूर’ हे देवनागरी नाव एक्सप्लोररमध्ये नीट दिसे, पण जुन्या कमांड विंडोत त्याच्या जागी चौकोन उमटत. शॉर्टकट योग्य फोल्डरात पोचवी. पोचलेली जागा वाचता मात्र येत नसे. म्हणून अनेकांनी फोल्डरांची नावे रोमन लिपीतच ठेवली.