भिवंडीचे पाणी आणि खर्चाचा वाटा

भिवंडी आणि शेजारचे निजामपूर यांची एकत्र नगरपालिका 1860 च्या दशकात स्थापन झाली, आणि शहरात पाणी आणणारा जलसेतू, म्हणजे पाणी वाहून नेणारा बांधीव पाट, रहिवाशांनी सरकारी व नगरपालिकेच्या निधीची मदत घेऊन उभारला, ही नोंद फार मोलाची आहे. कारण तिथे नागरिक केवळ करदाते नव्हते, तर बांधकामाचे भागीदारही होते. पुढे नागरिक आणि पाणी यांचा हा संबंध करांत बांधला गेला. 2001 मध्ये महानगरपालिका झाल्यावर 1949 चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला, ज्यात पाणीपट्टीबरोबर जललाभ कर, म्हणजे पाणीयोजनेच्या लाभापोटी मिळकतीच्या करयोग्य मूल्यावर बसणारा आकार, मालमत्ता करातच मोडतो.